अंगठा सरळ ठेव

मागच्या वर्षी फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयात मला कुष्ठरोग असल्याचे निदान झाले. तेव्हा माझे वय चव्वेचाळीस होते. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिकेची एक बाजू बधिर होती. अंगठ्याची पकड कमी झाली होती. दंडावर आणि पाठीवर मिळून सहा फिकट चट्टे होते. त्यांना मी शिबं समजत होतो.

मी एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर आहे. निदानाच्या पंधरा दिवस आधी कुष्ठरोग जनजागृती पंधरवड्याची बातमी मीच दिली होती. अंगावर बधिर चट्टा असल्यास तपासणी करून घ्यावी, लवकर निदान झाल्यास हा आजार पूर्ण बरा होतो, ही दोन वाक्ये तिच्यात होती. दरवर्षी असतात. ती टाइप करताना करंगळी कीबोर्डवर नीट पडत नव्हती, हे मला आठवते.

ज्यांना आज किंवा उद्या हेच सांगितले जाईल, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. औषधांची नावे आणि मात्रा यात नाहीत. त्या डॉक्टरांना विचाराव्यात.

दोन्ही हात दिसले पाहिजेत

आजार आधी गिटारवर दिसला, म्हणून गिटारबद्दल सांगणे भाग आहे.

कोरोनाच्या टाळेबंदीत पेपरची पाने कमी झाली आणि मला दुपारी वेळ मिळू लागला. सुरतेहून आणलेली एक जुनी गिटार घरात पडून होती. व्हिडिओ पाहत मी फ्लॅटपिकिंग शिकू लागलो. यात स्टीलच्या तारांवर एका छोट्या त्रिकोणी पट्टीने, म्हणजे प्लेक्ट्रमने, एकेक सूर वेगाने वाजवत धून काढतात. पट्टी अंगठा आणि तर्जनीत धरायची. ठोक्यावर ती खाली जाते, दोन ठोक्यांच्या मधे वर येते. हा क्रम मोडायचा नाही. शिकायला पाच मिनिटे लागतात आणि जमायला काही वर्षे.

नंदुरबारमध्ये असे वाजवणारा दुसरा कोणी मला माहीत नव्हता. इंटरनेटवर भारतातल्या अशा साठेक लोकांचा एक गट सापडला. त्यात रेल्वेतले लोक होते, शिक्षक होते, शिलाँगचा एक दंतवैद्य होता. गट चालवणारा लेस्ली वसईचा. पंचवीस वर्षे गिटार शिकवतो.

गटाची एक रीत आहे. दर महिन्याला एक धून ठरते आणि प्रत्येकाने ती वाजवून व्हिडिओ टाकायचा. एकाच दमात वाजवायचे, कापाकापी चालत नाही, आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. इतरांनी त्यावर एक चांगली गोष्ट आणि एक चूक लिहायची. नुसती स्तुती लिहिली, तर लेस्ली ती काढून टाकतो.

निदानाच्या आधीच्या सप्टेंबरच्या मध्यात मी टाकलेल्या व्हिडिओखाली लेस्लीने लिहिले, "वेग चांगला. अंगठ्याचं टोक वाकतंय. अंगठा सरळ ठेव."

ऑक्टोबरात त्याने पुन्हा तेच लिहिले. नोव्हेंबरात आणखी चौघांनी लिहिले. पट्टी हातातून फिरत होती, निसटत होती. मी जाड पट्टी मागवली. दंतवैद्याच्या सल्ल्याने तिला सँडपेपर मारला. कोणी मेण लावायला सांगितले, ते लावले. कोणी म्हणाले की मनगट ताठ आहे. एकाने खुर्चीची उंची विचारली. प्रत्येक उपाय चार-सहा दिवस लागू पडतो असे वाटे. रोज सकाळी वीस मिनिटे मी आरशासमोर बसून अंगठा सरळ ठेवण्याचा सराव करत होतो. तो सरळ राहत नव्हता. मी आळशी आहे, असा निष्कर्ष मी काढला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टाकलेल्या व्हिडिओखाली लेस्लीने चूक लिहिली नाही. त्याने विचारले, "लाकडावर डाग कसला?"

वाजवताना मी करंगळी गिटारच्या लाकडावर टेकवतो. तिथे तपकिरी डाग होता. चहाचा असेल, असे मी उत्तर दिले आणि मग पुसून पाहिला. फडक्यावर लाल रंग आला. करंगळीच्या टोकाची कातडी एका बाजूने घासून गेली होती आणि आतले मांस दिसत होते.

लेस्लीने फोन केला. "कधी लागलं?"

"माहीत नाही."

"दुखतंय?"

"नाही."

तो म्हणाला, "पत्रकार, पंचवीस वर्षं लोक माझ्याकडे बोटं घेऊन येतायत. रक्त आलेले सगळे बोंबलत आलेत. डाग बघून स्वतःला लागल्याचं कळलेला तू पहिलाच. मला नको दाखवू. डॉक्टरला दाखव."

मंगळवार

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितले. कापसाची वात ते हातावर ठिकठिकाणी टेकवत होते. स्पर्श कळला की बोटाने जागा दाखवायची होती. मी सगळ्या जागा दाखवल्या असे मला वाटले. डोळे उघडल्यावर त्यांनी विचारले, "किती वेळा टेकवलं?"

"सात."

"पंधरा."

मग त्यांनी कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खाचेत बोट घालून नस चाचपली. ती जाड झाली होती आणि दुखली. आजाराचे नाव त्यांनी साध्या आवाजात सांगितले. मी त्यांना तीन प्रश्न विचारले. नक्की का, घरच्यांना होईल का, हात परत येईल का. पहिल्याला ते हो म्हणाले. औषध सुरू झाले की माझ्याकडून इतरांना धोका उरणार नाही, पण घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागेल, हे दुसऱ्याचे उत्तर होते. तिसऱ्यावर ते म्हणाले, "किती दिवस झाले त्यावर आहे. नस सहा महिन्यांच्या आत हाती लागली तर आशा जास्त."

किती दिवस झाले, हे मला सांगता आले नाही.

औषध तिथल्याच खिडकीतून मिळाले. तिथून मी कार्यालयात गेलो. त्या दिवशी मी दोन बातम्या दिल्या, एक पाणीपुरवठ्याची आणि एक बाजार समितीची. दोन्हींत चूक नव्हती.

घर

माझी पत्नी वंदना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती चार वाजता आली. चहा ठेवताना मी सांगितले.

"डॉक्टरनी सांगं, का तुम्हीच ठरायं?"

"डॉक्टरनी."

"पोरले व्हई का?"

"तपासनी करनी पडी. तुन्ही बी."

तिने गॅस बंद केला. "हात दखाडा."

मी हात पुढे केला आणि ती काय विचारते याची वाट पाहू लागलो. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. "आते?"

"काय आते?"

"चिमटा लिधा मी."

मी खाली पाहिले. तिची नखे माझ्या करंगळीत रुतलेली होती. तिने हात सोडला आणि पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "पाच महिना त्या लोकेसले हात दखाडा. मले नही दखाडा."

मी गॅस पुन्हा पेटवला.

तिची आणि मुलीची तपासणी झाली. काही आढळले नाही. दोघींना खबरदारीची एकेक मात्रा दिली गेली. तरी मी माझा ग्लास आणि ताट वेगळे ठेवू लागलो. डॉक्टरांनी तसे सांगितले नव्हते. वंदनाने ते तीन दिवस पाहिले.

"हाऊ गिलास येगळा काब्रं?"

"असाच."

"गोळी चालू शे ना?"

"शे."

"मंग ठी द्या मांडणीवर."

त्यानंतर तो ग्लास कोणता, हे मला ओळखता आले नाही.

गोळ्यांनी दर महिन्याच्या पहिल्या मात्रेनंतर एक-दोन दिवस लघवी लाल होते आणि पुढे त्वचा काळवंडते. कोणी आधी सांगितले नसेल तर माणूस घाबरतो, म्हणून लिहितो. शेजारचे म्हणाले, "भाऊ, काया पडी ग्यात." मी पेपरचे काम, ऊन फार, असे सांगितले. मार्च असल्याने ते चालून गेले.

कोरीट

आई कोरीट गावी माझ्या धाकट्या भावाकडे राहते. मार्चच्या शेवटी मी तिला सांगायला गेलो. ती ओट्यावर बसून गहू निवडत होती. माझ्या करंगळीला पट्टी होती.

"काय जयं हातले?"

कुष्ठरोग हा शब्द तिच्या कामाचा नव्हता. मी रगतपिती म्हणालो. तिचे हात थांबले, पुन्हा सुरू झाले. बराच वेळ ती खडे काढत राहिली.

"मन्हा मामाना मळामा एक म्हतारा ऱ्हाये," ती म्हणाली. "त्याले हाईच व्हतं. मी धाकली व्हतू. भाकर लई जाऊ, दगडवर ठी देऊ आनि पयी येऊ. तो म्हने, बेटी, जरासं थांब. मी कधी थांबनू नही."

"तवय गोया नव्हत्या, माय. आते शेतस."

"ते मले काय माहीत व्हतं."

जेवायच्या वेळी भावजयीने दोन ताटे वाढली. आईने माझे ताट आत परत पाठवले. "बठ," ती म्हणाली. "मन्हाच ताटमा जेव."

भाऊ मला सोडायला मोटरसायकलपर्यंत आला. त्याच्या मुलाचे लग्न ठरले होते. मुलीकडचे म्हसावदचे. "भाऊ, वाईट मानू नको," तो म्हणाला. "पोऱ्यानं लगीन व्हई जाऊ दे. मंग जेले सांगनं तेले सांग."

मी मान्य केले. लग्न मे महिन्यात झाले. बेचाळीस अंशांच्या उन्हात मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून पंगतीत डाव्या हाताने वाढत होतो. डावखुरा कवय व्हयना, असे एका मामांनी विचारले.

बाक

फेब्रुवारीपासूनच रुग्णालयात आठवड्यातून एकदा फिजिओथेरपी असे. खोलीबाहेर एक लांब बाक आहे. पहिल्या दिवशी माझ्या शेजारी जामसिंगबाबा बसले होते. ते तोरणमाळच्या वरच्या पाड्यातून आले होते. पायाला जखम होती. घरी ते पावरी बोलतात. माझ्याशी मोजक्या मराठीत बोलले.

"तुम्ही पेपरवाले ना? आमच्या पाड्यावर आलते. फोटो काढला."

मला आठवले नाही. आलो असेन.

"आज पण फोटो?"

"नाही. मी रांगेत आहे."

त्यांनी माझा हात पाहिला आणि सरकून जागा दिली. "मग बसा की नीट."

त्यांना हा आजार होऊन बारा वर्षे झाली होती. आजार केव्हाच बरा झाला होता, पायाची जाणीव परतली नव्हती. हात-पाय अर्धा तास साध्या पाण्यात बुडवायचे, मग तेल लावायचे, हे मला डॉक्टरांनी सांगितले होते. ते कसे टिकवायचे, हे जामसिंगबाबांनी सांगितले. "रोज दिवा लावायच्या आत बघायचं. दुखतं तेव्हा बघायचं, असं आपल्याला नाही आता. डोळ्यानंच दुखवून घ्यायचं."

हे मी त्या दिवशी वहीत लिहून घेतले. दिवेलागणीच्या आधी हात पाहण्याची सवय मला आजही आहे.

फिजिओथेरपिस्ट वळवी सरांनी माझ्यासमोर एक कागद धरला. "अंगठा आणि पहिल्या बोटात धरा. मी ओढतो. सोडायचा नाही."

मी धरला. त्यांनी ओढला. माझ्या अंगठ्याचे टोक वाकले आणि कागद निघून गेला.

"अंगठा सरळ ठेवून धरा."

"राहत नाही, सर."

"नाहीच राहणार. नस कमजोर झाली की तो वाकतो. हीच तर चाचणी आहे." त्यांनी कार्डावर काही लिहिले. "कधीपासून वाकतोय?"

गिटारची पट्टी मी जशी धरतो, कागद तसाच धरला होता. मी फोन काढला आणि गटातले व्हिडिओ उघडले. सरांनी खुर्ची जवळ ओढली. दर महिन्याचा एक व्हिडिओ, एकच कोन, दोन्ही हात. ऑगस्टमध्ये अंगठा सरळ होता. सप्टेंबरच्या व्हिडिओवर त्यांनी बोट ठेवून तो थांबवला.

"हा बघा. इथे सुरू." ते पुढचे पाहत गेले. "मेडिकल बोर्डापुढे केस दाखवायची तर माझ्याकडे कुठल्या पेशंटचा असा रेकॉर्ड नसतो. हे खाली काय लिहिलंय?"

"अंगठा सरळ ठेव."

"कोण डॉक्टर?"

"गिटारचे शिक्षक."

ते हसले, मग हसू आवरले. सप्टेंबर मध्य ते फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, असे त्यांनी बोटांवर मोजले. "पाच महिने होत होते. सहाच्या आत आहात. पण सहाव्यात शिरायच्या बेतात होतात."

चूक

लग्न पार पडल्यावर मी गटात लिहिले. तीन महिने व्हिडिओ का टाकला नाही, निदान काय आहे, औषध सुरू आहे आणि माझ्यापासून कोणाला धोका नाही. बातमीसारख्या चार ओळी होत्या. दोन दिवस कोणी काही लिहिले नाही. दोन सदस्य गट सोडून गेले. एकाने खासगीत विचारले की आदल्या वर्षी मी टपालाने पाठवलेली पट्टी त्याने वापरावी का. मी हो लिहिले. त्याने वापरली की नाही, माहीत नाही.

लेस्लीचा फोन आला.

"मी पाच महिने सांगत होतो, अंगठा सरळ ठेव."

"हो."

"आणि तू ठेवायचा प्रयत्न करत होतास?"

"रोज. वीस मिनिटं."

"मी बघत होतो रे," तो म्हणाला. "एवढं बारकाईनं बघत होतो."

जूनमध्ये वळवी सरांनी गिटार वाजवायला परवानगी दिली. करंगळी लाकडावर टेकवायची नाही, ही अट होती. वीस मिनिटांनी थांबून हात पाहायचा, ही दुसरी. करंगळी न टेकवता वाजवायचे म्हणजे हात अधांतरी ठेवायचा. मी अगदी सुरुवातीपासून शिकू लागलो. पहिला महिनाभर एकाच तारेवर, पट्टी खाली आणि वर, एवढेच.

जुलैत मी व्हिडिओ टाकला. धून अर्ध्या वेगाने वाजली होती आणि दोनदा पट्टी पडली होती. खाली एकवीस प्रतिक्रिया आल्या. सुंदर. प्रेरणादायी. सलाम. चूक कोणीही लिहिली नाही. लेस्लीने त्यातली एकही काढून टाकली नाही. ऑगस्टमध्ये तेच झाले. सप्टेंबरात तेच. वेग पडत होता, सूर गाळले जात होते, आणि साठ माणसांना त्यात काही सापडत नव्हते. घरी वंदना माझी बोटे रोज तपासत होती आणि लाल झालेले दिसले की सरळ रागवत होती. गटात मला कोणी रागवत नव्हते.

दिवाळीनंतर मी लेस्लीला फोन केला.

"चुका सांग ना."

"नको, पत्रकार. मागच्या वेळी सांगितली ती बघितलीस ना."

"ती बरोबर होती. अंगठा वाकतच होता."

"कारण चुकलं माझं."

"कारण डॉक्टर बघतायत. तू वाजवणं बघ."

"बघू," तो म्हणाला आणि थंडीचे विचारू लागला.

यंदाच्या फेब्रुवारीत बारा महिन्यांची औषधे पूर्ण झाली. शेवटच्या तपासणीला वळवी सरांनी कागद धरला. मी अंगठा आणि तर्जनीत पकडला. अंगठ्याचे टोक थोडे वाकले. त्यांनी ओढला. मी सोडला नाही. त्यांनी जोरात ओढला आणि कागद मधोमध फाटला.

"नवा कागद आणा," त्यांनी शिपायाला सांगितले.

कार्डावर अंगठ्यासमोर पहिल्या दिवशी पाचपैकी तीन लिहिले होते. त्याखाली त्यांनी चार लिहिले. करंगळीच्या टोकाला स्पर्श अजून कळत नाही. तो परत येईल असे कोणी सांगितलेले नाही. येणार नाही, असेही सांगितलेले नाही. बाकावर जामसिंगबाबा नव्हते. त्यांच्या पायाची जखम भरल्याचे नर्सने सांगितले.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी मी महिन्याची धून टाकली. एका दमात, पूर्ण वेगाच्या थोडी खाली, दोन्ही हात दिसतील अशी. दुपारपर्यंत नऊ जणांनी छान म्हटले. संध्याकाळी पाच वाजता त्या नऊही प्रतिक्रिया काढलेल्या दिसल्या. त्यांच्या जागी लेस्लीची एकच होती.

"सूर स्वच्छ. दुसऱ्या भागाच्या पहिल्या ठोक्यावर पट्टी वर गेली. खाली जायला हवी होती."

मी हेडफोन लावून व्हिडिओ पुन्हा पाहिला. वेग निम्मा करून आणखी एकदा पाहिला. दुसऱ्या भागाच्या पहिल्या ठोक्यावर पट्टी वर गेली होती.